पोटमाळ्यावरचं दफ्तर

१६० चौरस फुटांच्या खोलीत अडगळ साठत नाही. साठायला जागाच नसते. वाड्याला माळा असतो, कोकणातल्या घराला पडवी असते, शेतकऱ्याच्या परसात खोपटं असतं. नको झालेली वस्तू तिथे टाकून विसरता येते. बीडीडी चाळीतल्या खोलीत अशी विसरायची सोय नव्हती. नवं गाठोडं आत आलं की जुनं बाहेर जायचं, गावचा पाहुणा आला की कॉटखालची ट्रंक पॅसेजमध्ये सरकायची, दिवाळीच्या साफसफाईत फळीवरच्या डब्याडब्याची झडती व्हायची. अशा खोलीत जे साठ-सत्तर वर्षं टिकलं, ते कुणीतरी दरवर्षी नव्याने ठरवून ठेवलेलं होतं. वरळीतली आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना हे माझ्या हळूहळू लक्षात आलं, आणि मला सांगायचंय ते एवढंच: गिरणगावातल्या घरांचं दफ्तर पोटमाळ्यावरच्या ट्रंकांत आहे, ते वाचून दाखवणारी माणसं अजून आपल्यात आहेत, आणि ते दफ्तर सध्या किलोच्या भावाने चाललंय.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई इतकी वाढली, की गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या सरकारने १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ नावाचं स्वतंत्र खातंच उघडलं. बॅकबेला समुद्रात भर घालायची आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा त्याचा आवाका. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवला. म्हणजे आमच्या भिंती कापसावर उभ्या राहिल्या आणि पुढे कापसावरच जगल्या. पन्नास हजार खोल्या काही झाल्या नाहीत. २०७ चाळी झाल्या: वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. तळमजल्यावर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, मधून अंधारा पॅसेज, सामाईक संडास, खोलीच्या कोपऱ्यात मोरी. सिमेंटच्या या कोंदट इमारतींत यायला सुरुवातीला कामगारच तयार नव्हते. १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीतल्या चाळींचा काही काळ तुरुंग म्हणून वापर झाला, इतक्या खोल्या रिकाम्या होत्या. नंतर मात्र त्या अशा भरल्या, की एका खोलीत एका गावचे दहा-पंधरा गडी पाळीपाळीने झोपू लागले. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला आडवा.

माझे आजोबा त्या गड्यांपैकी एक. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून पोरवयात आले, आधी बदली कामगार, मग साचेखात्यात कायम. खोलीतले बाकीचे गडी एकेक करून पांगले, कुणी गावी गेला, कुणी दुसरीकडे बिऱ्हाड केलं, आणि खोली आजोबांच्या नावावर राहिली. तिथे आमच्या चार पिढ्या झाल्या.

पोटमाळा सरकारने दिलेला नव्हता. बहुतेक खोल्यांत तो भाडेकरूंनी स्वतः घातला. आमच्याकडे दोन वासे, वर फळ्या, चढायला मोरीच्या भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी. खाली माणसं राहायची आणि वर त्यांचं सामान. नव्या टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर मिळणार म्हणून दादा-वहिनींची पोरं हरखली होती, आणि त्यांनी हरखावंच. संडासाच्या रांगेत उभं राहून त्यांच्या आधीच्या तीन पिढ्यांची सकाळ गेली. चाळीच्या आठवणींचे गोडवे गाणाऱ्या लेखांत ही रांग बहुधा येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या, तेव्हा ज्या बायका रडल्या त्या आनंदाने रडल्या.

पण नव्या घरात पोटमाळा नाही. ‘काय न्यायचं?’ हा प्रश्न दादाने मला फोनवर विचारला आणि मी डोंबिवलीहून निघाले. आत्याला आम्ही मुद्दाम बोलावून घेतलं. ती एक्याऐंशी वर्षांची आहे आणि तिच्याशिवाय हे काम करण्यात अर्थ नव्हता.

सगळ्यात आधी खाली आली भांडी. पितळेची कळशी, दोन पराती, एक हंडा, तांब्याचं घंगाळ, चेपलेला लामणदिवा. जुन्या घरांत भांड्यांवर नावं घातलेली असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती एकापाठोपाठ एक वाचायची वेळ क्वचित येते. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं खोबरेल लावून पुसली की वर येतात. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कोणत्या साली, गाव कोणतं. आमच्या हंड्यावर पणजोबांचं नाव, परातीवर आजीच्या वडिलांचं. कळशीवर मात्र एका बाईचं नाव होतं आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याने कळशी मांडीवर घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “ही माझी थोरली आत्या. लगीन झाल्यावर वरसात गेली. तिच्या सासरच्यांनी भांडी माघारी पाठवली हुती.” आमच्या घराण्याच्या तोंडी वंशावळीत ही मुलगी नाही. कुलदैवताच्या पुजाऱ्याकडच्या चोपडीत असली तर माहीत नाही. तिच्या असण्याचा आमच्याकडचा एकमेव लेखी पुरावा ती कळशी आहे. भंगारवाला खाली हाका मारत होता आणि पितळेला तेव्हा भाव बरा होता.

मग वाकळी उतरल्या. घाटावरच्या घरातली वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेलं जाड पांघरूण. वरचा थर विरला की त्यावर नवा चढवायचा, आतला काढायचा नाही. तीन वाकळी होत्या, त्यांतली एक कडेने उसवली होती. वहिनी म्हणाली, ही तरी टाकूया, कापड हाताला लागत नाही. आत्या म्हणाली, “थांब गं, बगू दे.” मग ती खिडकीजवळ बसली आणि उसवलेल्या कडेतून एकेक थर उलगडून दाखवू लागली. सगळ्यात वर गिरणीतलं फेंटचं कापड. फेंट म्हणजे कापताना उरलेले, किंवा डागामुळे नापास झालेले तुकडे, ते गिरणीच्या दुकानात स्वस्तात मिळायचे. त्याखाली आजोबांचं धोतर. त्याखाली हिरवं लुगडं: “हे आईला माझ्या बारशाला आलं हुतं, तिच्या माहेराकडनं.” त्याखाली एक खादीचा पट्टा, तो कुणाचा ते तिलाही सांगता आलं नाही. आजोबा साच्यावर ज्या प्रकारचं कापड विणत होते, त्याचा आमच्याकडे उरलेला एकुलता एक तुकडा त्या वाकळीत आहे. साठ वर्षं विणलं त्या घराने, आजोबांनी आणि मग वडिलांनी, आणि स्वतः विणलेलं म्हणून दाखवावं असं कापड दुसरं नाही.

ट्रंक सर्वांत शेवटी काढली, कारण तिला दोघांनी धरावं लागलं. हिरव्या रंगाची, झाकणावर आजोबांचं नाव आणि ‘मु. पो.’ करून गावाचा पत्ता पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला. आत कागद. वरच्या थरात माझ्या वडिलांचे, मधल्यात आजोबांचे, तळाशी वाळवीने अर्धी खाल्लेली एक पोथी. आणि बाजूला, एका जाड तारेत टोचलेल्या, मनीऑर्डरच्या पोचपावत्या.

ज्यांनी मनीऑर्डर पाठवलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. फॉर्मचे भाग असायचे. कुपनावर चार ओळी मजकूर लिहिता यायचा, तो भाग पैसे घेणाऱ्याकडे राही. पोचपावतीवर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पोस्टमन ती परत पाठवे, आणि ती पाठवणाऱ्याला मिळे. म्हणजे दर महिन्याला पगार झाल्यावर आजोबा पैसे पाठवत आणि काही दिवसांनी आजीच्या अंगठ्याचा ठसा गावाहून वरळीला येई. आजोबांनी एकही पावती फेकली नव्हती. १९४७ पासूनच्या होत्या. शाई फिकी झाली होती, काही ठशांचा नुसता डाग उरला होता, पण काहींत अंगठ्यावरच्या रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या. एका ठशात आडवी चीर होती. “विळा लागला हुता तवा,” आत्या म्हणाली. तिला ते साल आठवत होतं, कारण त्या वर्षी आईऐवजी भात कापायला तिला शाळा सोडून जावं लागलं.

तार पुढे सरकवत गेलो आणि १९६० च्या उन्हाळ्यातल्या एका पावतीवर अंगठा नव्हता. तिथे निळ्या शाईत, प्रत्येक अक्षराला वेगळा दम घेऊन लिहावं तसं, आजीचं नाव होतं.

साताऱ्यात १९५९ मध्ये ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढांना लिहिता-वाचता यावं म्हणून गावागावांत रात्रीचे वर्ग भरले, आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. साताऱ्यातून ही मोहीम महाराष्ट्रभर गेली, तिला पुढे युनेस्कोचं पारितोषिकही मिळालं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आपली आजी त्यात होती, हे मला त्या पावतीने सांगितलं. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, “देवळात कंदील लावून बसायच्या बाया. मी चौथीपतुर शिकल्याली, मग मीच तिचा हात धरून गिरवून घ्यायची. पयलं नाव शिकली ते मनीआर्डरसाठी. पोस्टमनसमोर अंगठा द्यायची तिला लई लाज वाटायची.” पुढच्या पावत्यांवर सगळीकडे सही आहे. सुरुवातीला अक्षरं ओळ सोडून चढतात, दोन वर्षांनी ओळीवर बसतात, चार वर्षांनी त्यांना एक प्रकारची घाईही आली आहे. आजीने लिहिलेलं दुसरं काहीच आमच्याकडे नाही. पत्रं ती दुसऱ्यांकडून लिहून घेई. तिचं सगळं लेखन म्हणजे त्या तारेवरच्या सात वर्षांच्या सह्या.

सातच वर्षं, कारण शेवटची पावती नोव्हेंबर १९६७ ची आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली आणि पाटण तालुक्यातली मातीची घरं हजारोंनी पडली. पावत्यांच्या तारेलाच एक घडी घातलेला कागद खोचलेला होता. तो तारखात्याचा निघाला, इंग्रजी अक्षरांत चार शब्द: ऑल सेफ हाऊस फॉलन. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी तो चाळीत कुणाकडून तरी वाचून घेतला असणार. ‘ऑल सेफ’ आधी लिहिलं म्हणून त्या तारमास्तराचे मला आज आभार मानावेसे वाटतात. मग आजोबा गावी गेले आणि आजीला, दोन पोरांना घेऊन वरळीला आले. आमचं कुटुंब मुंबईकर कधी झालं, असं कुणी विचारलं तर मी आता वर्ष, महिना आणि कारण सांगू शकते. त्याआधी आमच्याकडे ‘भूकंपानंतर कधीतरी’ एवढंच होतं.

*

आमच्या मजल्यावर त्याच दिवसांत आणखी घरं आवरली जात होती. पॅसेजभर ट्रंका, शिलाई यंत्रं, देव्हारे, कबड्डीच्या ढाली. माणसं एकमेकांच्या दारात उभी राहून ‘तुमच्याकडे काय निघालं’ विचारत होती, आणि मीही वही घेऊन फिरले. एका खोलीत १९५० च्या दशकातली सार्वजनिक गणेशोत्सवाची पावतीपुस्तकं निघाली. वर्गणी आण्यांत, आणि प्रत्येक खोलीनंबरापुढे भाडेकरूचं नाव, म्हणजे त्या इमारतीची जनगणनाच. दुसऱ्या एका घरात कलापथकाच्या गाण्यांची हातवही होती. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांचं लाल बावटा कलापथक गिरणगाव जागवत होतं, त्या काळातली. गाणी ऐकून उतरवलेली, त्यामुळे छापील पुस्तकात नसलेले पाठ त्यात आहेत. तिचा मालक आता नाही, नातवाला तिच्यातलं अक्षरही पाठ नाही, पण त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्वतःच्या बॅगेत ठेवली होती, टेम्पोत नाही.

पलीकडच्या इमारतीत एका बौद्ध कुटुंबाकडे गेले. तिथल्या आजी पंचाहत्तरीच्या, त्यांनी आपल्या आईची पेटी उघडून दाखवली. आत ‘प्रबुद्ध भारत’चे काही अंक होते. बाबासाहेबांनी ‘जनता’ साप्ताहिकाला १९५६ च्या फेब्रुवारीत दिलेलं हे नवं नाव. अंकांखाली पांढरं लुगडं, घडी न मोडलेलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेसाठी जाताना लोक पांढरी वस्त्रं घालून गेले होते. आजींच्या आईंनी पगारातून साठवून लुगडं घेतलं, दीक्षेच्या दिवशी नेसलं, आणि त्यानंतर ७ डिसेंबरला दादरला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत. नंतर कधीच नाही. “आईनं सांगून ठेवलंय, हे विकायचं नाही आणि कुणाला द्यायचंही नाही. धुवायचंसुद्धा नाही,” आजी म्हणाल्या. खोलीत तेव्हा नऊ माणसं राहायची. एका लुगड्याने अडवलेली जागासुद्धा तिथे मोठी होती. ती जागा त्यांनी एकोणसत्तर वर्षं दिली.

आणखी एक गोष्ट मी पुढच्या कुणा अभ्यासकासाठी लिहून ठेवतेय. वरळीच्या बीडीडीत १९७४ च्या जानेवारीत सवर्ण आणि दलित वस्त्यांमध्ये दंगल झाली होती, दगड आणि पेटते बोळे याच गच्च्यांवरून फेकले गेले. त्या इतिहासाच्या दोन्ही बाजूंची घरं आज एकाच वेळी रिकामी होताहेत, आणि दोन्हींकडच्या ट्रंका एकाच भंगारवाल्याच्या टेम्पोत चढताहेत.

*

वडिलांच्या कागदांवर आम्ही सर्वांत जास्त वेळ काढला. ओळखपत्र, हजेरीकार्ड, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या, लाल पास. ही मी लहानपणी पाहिलेली होती. एका जुन्या पगाराच्या पाकिटात मात्र वेगळ्याच चिठ्ठ्या होत्या, पातळ गुलाबी कागदाच्या, दोरा बांधून ठेवलेल्या. गहाणाच्या. पहिली मार्च १९८२ ची.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. तो रीतसर मागे घेतला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते. मला त्या काळातलं आठवतं ते एवढंच, की बाबा दिवसा घरी असायचे आणि त्याचं मला अप्रूप वाटायचं. घरातून वस्तू जात होत्या हे मला कळलं नाही, आईने कळू दिलं नाही. चिठ्ठ्यांवर क्रमाने लिहिलं होतं: पितळी पिंप एक. पिंपानंतर बंब. मग मोठी परात, समया दोन. ऑगस्टमध्ये घड्याळ. दिवाळीच्या आधी कानातली फुलं. १९८३ मध्ये पाटल्या. सर्वांत शेवटी शिलाई यंत्र, जे खरं तर सर्वांत आधी जायला हवं होतं असं कुणालाही वाटेल, कारण सोनं सोडलं तर ते सर्वांत महाग होतं. पण त्यावर आई फॉल-बिडिंग करून रोज चार रुपये आणायची, म्हणून ते धरून ठेवलं.

दादाने चिठ्ठ्या जमिनीवर तारखेप्रमाणे मांडल्या. आई पलंगावर बसून पाहत होती. आजवर संपाबद्दल विचारलं की ती ‘दिवस गेले’ म्हणून विषय बदलायची. त्या दिवशी तिने बोट दाखवून सांगायला सुरुवात केली. हे पिंप माझ्या बापानं दिलेलं. हा बंब गेला त्या रात्री तुमचे बाबा जेवले नाहीत. ह्या समया सोडवायला म्हणून मी पैसे जमवले होते, पण तुला टायफॉइड झाला. एका चिठ्ठीवर ती थांबली, घड्याळाच्या. ते बाबांना कामावर कायम झाले तेव्हा आजोबांनी दिलं होतं. “पाळी नाही तर घड्याळ कशाला, असं म्हणाले आणि स्वतःच काढून दिलं,” ती म्हणाली.

मी विचारलं, सोडवायचं काहीच शक्य नव्हतं, तर चिठ्ठ्या का ठेवल्या? वस्तू कधीच बुडाल्या होत्या, मुदत संपून वर्षं झाली होती. आईकडे उत्तर तयार होतं. “ते म्हणायचे, आपल्या घरात एवढं होतं हे पोरांना कळायला हवं.”

त्या खोलीत सगळ्यात कमी जागा अडवणारी वस्तू हीच होती, तळहाताएवढं एक पाकीट. आणि आमच्या घराचा गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात तपशीलवार दस्तऐवजही तोच. संपावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. किती गिरण्या बंद पडल्या, किती कामगार गावी गेले, जमिनींचं काय झालं. एका घरातून कोणत्या क्रमाने काय गेलं, कशाला आधी हात लावला, कशाला शेवटपर्यंत लावला नाही, हे मात्र अशा पाकिटांतच सापडेल.

*

घर आवरण्याच्या शास्त्रावर हल्ली बरंच बोललं जातं. जपानच्या मारी कोंडो यांच्या पुस्तकाने तर जगभर लोकांना कपाटं रिकामी करायला लावली. कपडे, भांडी, बाटल्या यांबाबत त्यांचं म्हणणं मला पटतं. आठवणींच्या वस्तूंना शेवटी हात लावा, हा सल्लाही शहाणपणाचा आहे. कागदांबाबत मात्र त्यांचा नियम आहे की जवळपास सगळे टाका. हा नियम ज्यांचे कागद सरकारदरबारी, बँकेत, कंपनीत सुखरूप असतात त्यांच्यासाठी ठीक आहे. आमच्यासारख्यांच्या बाबतीत गिरणी गेली, तिचं ऑफिस गेलं, हजेरीपटही गेले. आमची प्रत हीच मूळ प्रत.

म्हणून आवरायला बसणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सगळं ठेवू नका, ते शक्यच नाही. आम्हीही तीन टेम्पो सामान काढलं. पण काढण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला खुर्ची देऊन मधोमध बसवा आणि प्रत्येक वस्तू त्यांच्या हातात द्या. नुसतं दाखवू नका, हातात द्या. आत्याला फोटोवरून कळशी ओळखता आली नसती, बोट फिरवल्यावर ओळखली. बाजूला फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. दोन तासांच्या पुढे बसवू नका, माणसं थकतात आणि मग ‘टाका सगळं’ म्हणतात.

कागदांना लॅमिनेशन करू नका. जुनी कागदपत्रं टिकावीत म्हणून लोक हौसेने करतात, पण गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप नको, तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. टाचण्या आणि क्लिपा गंजतात, त्या काढून टाका. दिवसाउजेडी, सावलीत, कागद सपाट ठेवून फोनने फोटो काढा आणि पाठीमागच्या बाजूचाही काढा, कारण नाव, तारीख, हिशेब बहुधा मागेच असतात. १९७०-८० च्या दशकातले चिकट पानांचे अल्बम आधी हाती घ्या. त्यांच्या गोंदाने फोटो खराब होतात आणि त्या काळातल्या रंगीत फोटोंचे रंगही आधीच उडत चाललेले असतात. आजोबांचा स्टुडिओतला कृष्णधवल फोटो अजून लख्ख आहे, माझ्या भावाचा मुंजीच्या वयातला रंगीत फोटो लालसर पडलाय. फोटोमागे माणसांची नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, दाब न देता. कॅसेट सापडली तर लगेच वाजवून बघायचा मोह आवरा. आमच्या शेजाऱ्यांकडे भारुडाची घरगुती रेकॉर्डिंग होती. वर्षानुवर्षं न फिरलेली फीत जुन्या टेपमध्ये अडकून तुटते, म्हणून त्यांनी ती जाणकाराकडून उतरवून घेतली. त्यात चार भारुडं निघाली आणि मधे एका पोराला ‘गप बस’ म्हणणारा त्यांच्या वडिलांचा आवाज.

आणि रद्दीवाल्याशी बोला. हा उपाय मला चाळीतल्याच एका शिक्षकांनी सांगितला. जुन्या वह्या, पावतीपुस्तकं, हस्तलिखितं आली तर आधी आम्हाला दाखव, रद्दीचा भाव आम्ही देऊ, असं त्यांनी त्याला सांगून ठेवलंय. गणेशोत्सवाची ती पावतीपुस्तकं अशीच परत आली.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तेव्हा त्यांच्याकडे कुठलं सरकारी अनुदान नव्हतं. ते गावोगाव फिरले, लोकांच्या घरात बसले, माळ्यावरची दफ्तरं खाली काढायला लावली. सरदार-इनामदारांच्या घरी रुमालात बांधलेले कागद होते म्हणून ते वाचले आणि मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला. गिरणगावासाठी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी अनेक माणसांना बोलतं करून मोठं काम केलं, त्यांचं पुस्तक २००४ मध्ये आलं. पण बोलणारी ती माणसं आता थोडी उरलीत आणि घरं पाडायला यंत्रं दारात उभी आहेत. सोळा हजार खोल्या. प्रत्येकीत एक ट्रंक धरली तरी हे दफ्तर लहान नाही. इमारतीतल्या मंडळाने पुढाकार घेऊन निदान कागदांचे फोटो एकत्र ठेवले, तरी पुष्कळ होईल. आमच्या मजल्यावर सहा घरांनी ते केलं आहे, एका पेनड्राइव्हवर, घरनंबराप्रमाणे.

आमच्या वाटण्या सरळ झाल्या. खोलीच्या हक्कासाठीच्या ना-हरकतीवर मी आधीच सही केली होती, तेव्हा दादा म्हणाला, वस्तूंतलं तू आधी घे. मी मनीऑर्डरची तार घेतली. कळशी आत्याने मागितली, तिच्या नातीचं लग्न आहे, त्यात ती देणार आहे आणि जुन्या नावाखाली नवं नाव घालून देणार आहे. कासार म्हणाला, जागा आहे. वाकळ वहिनीने ठेवून घेतली, उसवलेली कड तिनेच शिवली. गहाणाच्या चिठ्ठ्या आईकडे आहेत, फोटो आमच्या सगळ्यांकडे.

एक फाईल मात्र कुणी वाटून घेतली नाही. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं, तेव्हा अर्जासोबत पुरावे मागितले गेले: ओळखपत्र, तिकीट नंबर, हजेरीकार्ड, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचं दाखवायचं होतं. पावणेदोन लाखांच्या घरात अर्ज आले. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांना तेव्हा अर्जच करता आला नाही, त्यांचे कागद आदल्या वर्षीच्या साफसफाईत गेले होते. २०१२ च्या पहिल्या सोडतीत म्हाडाने ६,९२५ घरं काढली, त्यानंतरही सोडती झाल्या. वारस म्हणून आईचा अर्ज आहे, नंबर अजून लागलेला नाही. मुंबईबाहेर लांब कुठेतरी घर नको, गिरणगावातच हवं, असं मोर्चांत म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायकांत ती असते. मोर्चाला निघताना ती फाईल घेऊन जाते, कुणी विचारलंच तर असावी म्हणून. नव्या घरात सुतार कपाट बनवायला आला, तेव्हा तिने त्याला पहिल्यांदा त्या फाईलचं माप दिलं.